झेंडूची थंड बाजू

ज्या घरात एकही दार लागत नाही ते घर सुखी, अशी श्रीधर गुरुजींची पक्की समजूत होती. महाडला बाजारपेठेच्या मागच्या आळीत त्यांचं घर. २०२१च्या पुरात सावित्रीचं पाणी घरात शिरलं आणि ओसरल्यावर सगळी दारं फुगून बसली. सुताराने ती तासून दिली, पण मागच्या खोलीच्या दाराची गंजलेली कडी निघाली ती निघालीच. नवी बसवायची राहून गेली, असं गुरुजी सांगत. खरं तर ती राहून गेली नव्हती, त्यांनीच राहू दिली होती. "आपल्याच घरात कडी कशाला? कुणापासून काय लपवायचंय?" हे त्यांचं त्यावरचं म्हणणं.

त्या मागच्या खोलीत गेले चार महिने त्यांची लेक मैथिली राहत होती. अठ्ठावीस वर्षांची मैथिली पुण्यात एका कंपनीत नोकरीला. आईच्या, म्हणजे सरोजताईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने घरून काम करायची परवानगी काढली आणि लॅपटॉप, दोन बॅगा आणि एक काचेची पेटी घेऊन ती महाडला आली. गुरुजींना अगदी भरून आलं. अशी मुलगी शोधून सापडायची नाही, असं ते आळीत चारचौघांना सांगू लागले.

मग सुरू झाली माया! सकाळी सहाला गुरुजी दुधाचा पेला घेऊन खोलीत. नऊला भिजवलेले बदाम. तिची मीटिंग चालू असताना "मैथिली, कानटोपी घाल गं, गारठा आहे" हा मागून आलेला आवाज पुण्यातल्या अकरा माणसांनी ऐकला. ती फोनवर कुणाशी बोलली, का हसली आणि जेवताना का नाही हसली, याची रोज चौकशी. दुपारी कुणी ना कुणी मावशी-आत्या सरळ आत जाऊन तिच्या पलंगावर बसायच्या. लॅपटॉपखाली स्थळांचे फोटो सरकवलेले असायचे. यातलं काहीही गुरुजी वाईट हेतूने करत नव्हते, हे आपण लक्षात ठेवू या. आपण तरी कुठे वाईट हेतूने करतो?

आता त्या काचेच्या पेटीबद्दल. तिच्यात झेंडू राहत होता. झेंडू म्हणजे वीतभर लांबीचा, पिवळ्या-शेंदरी अंगाचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला एक परदेशी सरडा. मैथिलीच्या मैत्रिणीने हौसेने विकत घेतला होता, दोन महिन्यांत तिची हौस फिटली आणि मैथिलीने त्याला आपल्याकडे आणलं. "पालीला झाडूने हाकलायचं आणि सरड्याला दिवा लावून पेटीत बसवायचं, हा कुठला न्याय गं?" असं सरोजताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. त्याच्या खाण्यासाठी डब्यातून आणलेले रातकिडे एकदा सुटले आणि आठवडाभर ओट्याखाली किरकिरत राहिले. तरीही दिवाळीपर्यंत सरोजताई स्वतःच्या हाताने त्याला भोपळ्याचा कीस भरवू लागल्या होत्या. तो मान तिरकी करून बघायचा, आणि मग आणखी एक चिमूट द्यावीच लागायची.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. गुरुजी बदामाची वाटी घेऊन मागच्या खोलीकडे निघाले होते. दार नेहमीप्रमाणे अर्धवट उघडं. आत मैथिली फोनवर कुणाला तरी सांगत होती, "खोली बघून ठेव गं माझ्यासाठी. फेब्रुवारीपासून. आईचा गुडघा आता बरा आहे. नाही गं, भांडण नाही. पण इथे माझा जीव गुदमरतो."

गुरुजी वाटी घेऊन तसेच मागे फिरले. त्यांनी ते बदाम स्वतःच खाऊन टाकले. सरोजताईंना काही सांगितलं नाही. जीव गुदमरतो! आपण काय कमी केलं? दूध कमी पडलं, बदाम कमी पडले, की विचारपूस कमी पडली?

संक्रांत झाल्यावर मैथिलीला कंपनीच्या कामासाठी दहा दिवस पुण्याला जावं लागलं. निघताना तिने झेंडूची पेटी गुरुजींच्या टेबलाशेजारी ठेवली आणि हातात एक कागद दिला.

"बाबा, यात सगळं लिहिलंय. अगदी असंच करायचं. तुमचं डोकं चालवायचं नाही."

"अगं, छत्तीस वर्षं मुलं सांभाळली मी. एक सरडा सांभाळता येणार नाही?"

मैथिलीने झेंडूच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि ती एसटी स्टँडकडे गेली. गुरुजी खिडकीतून बघत राहिले. या मुलीने जन्मात पहिल्यांदा आपल्याकडे काही सांभाळायला दिलं आहे, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. हा सरडा टुणटुणीत ठेवला तर तिला कळेल, बापाच्या घरात जीव सुखात राहतो. मग ती खोलीबिली विसरेल. आणि त्याला काही झालं तर? त्यांनी तो विचार झटकून टाकला आणि चष्मा लावून कागद वाचायला घेतला.

कागदावर लिहिलं होतं, 'दिव्याखाली ४० अंश. दुसऱ्या टोकाला २६ अंश. दोन्हीकडे एकेक थर्मामीटर आहे, रोज बघा. पेटीवर जाळीच ठेवा. रात्री दिवा बंद.'

गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. एका उदाहरणाला एकच उत्तर, हे वाक्य पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आणि इथे त्यांचीच मुलगी दोन फुटांच्या पेटीला दोन तापमानं लिहून मोकळी झाली होती! चाळीस म्हणजे भाजणार, सव्वीस म्हणजे कुडकुडणार. बिचारं मुकं जनावर एवढ्याशा पेटीत सारखं इकडून तिकडे फिरत बसणार का? घाईत लिहिलं असणार पोरीने. त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचललं, दोन्ही आकड्यांवर काट मारली आणि खाली सुवाच्य अक्षरात सरासरी काढली. चाळीस अधिक सव्वीस, भागिले दोन. तेहतीस!

मग ते कामाला लागले. एका टोकाचा दिवा त्यांनी बरोबर मध्यभागी आणला आणि जरा उंच टांगला. उष्णता वरून निसटू नये म्हणून जाळी काढून जाड पुठ्ठा ठेवला. पेटीत आडोशाला मांडलेला लाकडी ओंडका बाहेर काढला, उष्णता अडते म्हणून. एक थर्मामीटर मधोमध चिकटवलं, आणि दुसरं आता कशाला लागतंय, म्हणून स्वतःच्या पलंगाशी टांगलं. रोज पहाटे महाडचं तापमान वहीत नोंदवायला ते फार सोयीचं होतं. पहिल्या संध्याकाळी पेटीतला आकडा तेहतीसवर स्थिर झाला, तेव्हा गुरुजींनी सरोजताईंना हाक मारून दाखवलं.

"बघ. इकडे तेहतीस, तिकडे तेहतीस. याला म्हणतात व्यवस्था!"

"त्याला विचारलंत का?" सरोजताई म्हणाल्या.

"सरड्याला काय विचारायचं?"

दोन दिवस झेंडूने थोडंफार खाल्लं. तिसऱ्या दिवशी त्याने भोपळ्याकडे पाठ केली. चौथ्या दिवशी रातकिडा नाकावरून चालत गेला तरी त्याने जीभ काढली नाही. सरोजताईंनी वरणभाताचं एक शीत पुढे केलं, तेही त्याने घेतलं नाही. संध्याकाळी मैथिलीचा फोन आला.

"बाबा, झेंडू कसा आहे?"

"मजेत!" गुरुजी म्हणाले. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस, पण जीभ कशी ती आपोआप वळली.

जेवत नाही म्हणजे थंडी बाधली, असं गुरुजींनी ठरवलं. जानेवारीचा गारठा, पहाटे आळीत धुकं. एलईडीच्या जमान्यात जुना पिवळा बल्ब मिळायला त्यांना तीन दुकानं फिरावी लागली. तो शंभर वॉटचा बल्ब त्यांनी पेटीत दुसरीकडे लावला. रात्री दिवे बंद करवेनात, म्हणून तेही चालू. सहाव्या दिवशी सकाळी पेटीच्या तीन बाजूंना सरोजताईंची जुनी गोधडी गुंडाळली. झेंडू आता एका कोपऱ्यात काचेला छाती लावून उभा होता. तोंड उघडं.

"जांभई देतोय," गुरुजी म्हणाले. "ऊब मिळाली की झोप येतेच."

"तासभर कुणी जांभई देतं का हो?" सरोजताईंनी विचारलं. "मैथिलीला फोन करा."

"तिला कशाला उगाच काळजी?"

खरी अडचण वेगळीच होती. फोन केला तर कागदावर काट मारल्याचं सांगावं लागणार. पोरीने स्पष्ट बजावलं होतं, डोकं चालवायचं नाही. आता काय तोंडाने सांगायचं?

एवढ्यात दारातून हाक आली, "बाय, हाय का घरात?"

ती आवडी होती. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतून ती आठवड्यातून एकदा भाताच्या तुसात अंडी घालून महाडला आणायची. गुरुजींची पहिली नेमणूक त्याच वाडीच्या शाळेत झाली होती आणि आवडी त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकली होती. गणितात नापास झाली, ती पुन्हा शाळेत आलीच नाही. आता चोपन्न वर्षांची होती, आणि येता-जाता गुरुजी तिला अजूनही सतराचा पाढा विचारायचे.

"ये गं आवडी," सरोजताई म्हणाल्या. "जरा इकडे बघ. तू एवढ्या कोंबड्या पाळतेस. याला काय झालंय, तुला काही कळतंय का?"

आवडीने टोपली खाली ठेवली आणि पेटीजवळ येऊन वाकली. काचेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगो बाय माझे! गुरुजी, तुमी ह्याला भाजताव!"

"भाजतोय? अगं, थंडीने आजारी पडलाय तो."

"कसली थंडी? त्या कोपऱ्यात काच फोडून भायेर पडाया बघतोय तो. काडा ती गोधडी आदी! दिवं बंद करा!"

त्या आवाजात असं काही होतं, की गुरुजींनी निमूटपणे बटण बंद केलं. आवडीने पुठ्ठा उचलला. आतून भट्टीसारखी वाफ आली. मधल्या थर्मामीटरवर चव्वेचाळीस आकडा होता. गुरुजींनी सकाळपासून तिकडे बघितलंच नव्हतं, गोधडीने तो झाकला गेला होता. झेंडू त्यांच्या तळहातावर आला तेव्हा त्याची मान लुळी पडली होती.

"फ्रिजमधलं पाणी आण!" गुरुजी ओरडले.

"नको!" आवडी म्हणाली. "एकदम गार नाय. झटका बसंल त्याला. साधं पानी, हाताला लागलं ना लागलं असं. आनि आता लेकीला फोन लावा गुरुजी. त्या जनावराची सवय तिला हाय, मना नाय."

गुरुजी जागचे हलले नाहीत. हातातल्या त्या वीतभर जिवाचं पोट भराभर वरखाली होत होतं. काय सांगू मी तिला? मला माहीत होतं, मला कळत होतं, माझी सरासरी बरोबर होती? छे! त्यांनी फोन लावला.

"मैथिली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "माझं चुकलं. तुझा कागद मी पाळला नाही. झेंडू खूप तापलाय. मान टाकलीय त्याने. काय करू, सांग."

हे वाक्य, माझं चुकलं, गुरुजींच्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. सरोजताई लुगड्याचा पदर तोंडाला लावून बघतच राहिल्या.

मैथिली रागावली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "बाबा, घाबरू नका. पसरट ताटलीत कोमट पाणी घ्या. पोटापर्यंतच. डोकं वर धरा. नाकात पाणी जाऊ देऊ नका. पंख्याखाली नको. तोंडाच्या कडेला एक-एक थेंब सोडा. मी झेंडूच्या डॉक्टरांना दुसऱ्या फोनवर विचारते. तुम्ही फोन ठेवू नका."

पुढची वीस मिनिटं तिघंही जागची उठली नाहीत. आवडी ताटलीतलं पाणी बघत होती, सरोजताई चमच्याने थेंब सोडत होत्या आणि गुरुजी दोन बोटांवर झेंडूची हनुवटी तोलून धरून बसले होते. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तोंड मिटलं का?" फोनमधून आवाज आला.

"नाही अजून."

"मिटेल. धीर धरा."

आणि मग झेंडूने एकदा डोळ्यांची उघडझाप केली. हळूच तोंड मिटलं. जीभ बाहेर काढून ओठावरचा थेंब चाटला. आणि मान तिरकी करून सरोजताईंकडे पाहिलं, भोपळ्याच्या वेळी पाहायचा तसंच!

"बघितलं! बघितलं गं मैथिली, त्याने बघितलं माझ्याकडे!" सरोजताई फोनमध्ये ओरडल्या. पलीकडून मैथिलीचा हुंदका ऐकू आला, आणि लगेच हसूही. गुरुजींनी इतका मोठा सुस्कारा सोडला की ताटलीतलं पाणी हललं. डॉक्टरांचाही निरोप आला. आता सावलीत शांत पडू दे, उद्यापर्यंत सावरेल. तरीही सुस्त वाटला तर मात्र पुण्याला आणावं लागेल.

चहा झाला. आवडीने पेटीकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि ती हसू लागली.

"गुरुजी, रागवू नका. पन तुमचं नि माझं सारकंच झालं."

"म्हणजे?"

"आमच्या बचत गटानं पयल्यांदा पिल्लं आनली ना, शंभर पिल्लं, तवा मी पन असंच केलं. खोक्याच्या मदोमद बल्ब टांगला, वर गोनपाट झाकलं. म्हटलं, माज्या पिल्लान्ला सगल्या अंगानं ऊब लागू दे. चालीस मेली हो! मी डोकं धरून बसले. मग दुसऱ्या येळेला बांबूच्या तट्ट्याचं रिंगन केलं, नि दिवा एकाच कडंला लावला. दुसरी कड थंड ठेवली. एक पन मेलं नाय."

"पण मग थंड बाजूची पिल्लं गारठत नाहीत?"

"त्यान्ला पाय हायेत की, गुरुजी!" आवडी म्हणाली. "थंडी वाजली की दिव्याखाली येत्यात, गरम झालं की लांब पलत्यात. आपन नुसतं बगायचं. सगली दिव्याखाली गोला झाली तं थंडी जास्ती हाय. सगली कडंला चिकटली तं दिवा जास्ती हाय. नि पसरून आपली खाया लागली, तं समजायचं, आता बरोबर हाय. पिल्लू बोलत नाय, पन कुटं जाऊन बसलंय त्यावरनं सगलं सांगतं."

गुरुजींनी टेबलावरचा कागद उचलला. लाल काटेखाली मैथिलीचे दोन्ही आकडे अजून वाचता येत होते. दिव्याखाली चाळीस, दुसऱ्या टोकाला सव्वीस. म्हणजे पोरीने चूक केलीच नव्हती! ते एकाच उदाहरणाचं उत्तर होतं आणि ते दोन आकड्यांचंच होतं. चौथीत नापास केलेल्या बाईला जे कळलं होतं, त्यावर आपण लाल पेन फिरवलं.

"आवडी," ते म्हणाले, "मी तुला नापास करायला नको होतं."

"तवा मना येतच नव्हतं की," आवडी मोकळेपणाने म्हणाली. मग ती मागच्या खोलीच्या त्या कडी नसलेल्या दाराकडे बघून जरा थांबली. "एक सांगू गुरुजी? आमची सोनाली ममईवरनं येती ना, तवा मी तिला चुलीम्होरनं उटूच द्यायची नाय. हे खा, ते खा, नवरा काय म्हनतो, सासू काय म्हनती. एक दिस म्हनाली, आये, मी जरा बांदावर जाऊन बसू का? तवा लई रडले मी. वाटलं, पोरीला आय नको झाली. मग ती पिल्लं आटवली. आता मीच सांगते, जा गो, बस जा बांदावर. घटकाभरानं आपली आपन येती नि माज्या मांडीवर डोकं ठेवती."

गुरुजींना बदामाची ती वाटी आठवली. त्यांनी खाली मान घातली.

"गरम बाजू सगलेच ठेवत्यात," टोपली उचलताना आवडी म्हणाली. "थंड बाजू ठेवायला जिवावर येतं. पन तीच ठेवाया लागती."

त्या दुपारी गुरुजींनी पेटी पुन्हा लावली. शंभराचा बल्ब काढून टाकला. मैथिलीचा दिवा एका टोकाला, त्याच्याखाली परसातलं एक जुनं मंगलोरी कौल, ऊन खात बसायला. दुसऱ्या टोकाला लाकडी ओंडका, सावलीला. वर जाळी. पलंगाशी टांगलेलं थर्मामीटर मुकाट्याने काढून थंड टोकाला चिकटवलं. महाडचं तापमान कळलं नाही म्हणून महाडचं काही अडणार नव्हतं. झेंडू रात्रभर ओंडक्याखाली पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावल्यावर तो हळूहळू चालत आला, कौलावर चढला, अंग पसरून बसला, आणि तासाभराने आपणहून उठून सावलीत गेला. त्याच संध्याकाळी त्याने एक रातकिडा मटकावला. गुरुजी खुर्चीवरून टाळ्या वाजवत उठले. "अहो, हळू," सरोजताई म्हणाल्या, पण त्यांनीही भोपळा किसायला घेतला होता.

आठव्या दिवशी गुरुजी हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दहाव्या दिवशी दुपारी मैथिली आली. पिशवी न ठेवताच पेटीपाशी धावली. झेंडूने कौलावरून मान तिरकी करून तिला पाहिलं. तिने त्याला उचलून खांद्यावर घेतलं, गुरुजींकडे बघून हसली आणि आपल्या खोलीकडे वळली. दारात थबकली. दाराला आतल्या बाजूने पितळेची नवी कोरी कडी होती.

"बाबा, हे काय?"

"कडी."

"ते दिसतंय. कशाला?"

गुरुजी घसा खाकरत म्हणाले, "थंड बाजू." मग त्यांना धीर आला. "मैथिली, तुझा फोन माझ्या कानावर पडला होता. मुद्दाम नाही ऐकलं. मला तेव्हा वाटलं, मी काय कमी केलं? आता कळलं, कमी काहीच नव्हतं गं. सगळीकडून दिवेच लावले होते मी."

मैथिलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ती आत गेली आणि तिने दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आला.

तो आवाज गुरुजींच्या काळजात रुतला, खोटं कशाला सांगा? ते टेबलाशी येऊन बसले. चहाचा कप हातात घेतला आणि तसाच ठेवला. दोनदा उठले, दोनदा बसले. "दूध नेऊन देऊ का तिला?" त्यांनी विचारलं. "बसा गप," सरोजताई म्हणाल्या. भिंतीवरचं घड्याळ बघत गुरुजी बसून राहिले. पंधरा मिनिटं. पंचवीस मिनिटं.

मग आतून कडी काढल्याचा आवाज आला. आपणहून! कुणी हाक मारली नव्हती, कुणी दार ठोठावलं नव्हतं. मैथिली बाहेर आली, खुर्ची ओढून गुरुजींच्या शेजारी बसली आणि त्यांचा गार झालेला कप उचलून त्यातला एक घोट घेतला.

"बाबा, मी फेब्रुवारीत पुण्याला राहायला जाणार आहे. तुम्हाला न सांगता निघून जायचं ठरवलं होतं मी. आता तुमच्याशी बोलून जाणार आहे. दर पंधरा दिवसांनी येईन."

"बरं," गुरुजी म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि ते किती कठीण असतं हे ज्याला मुली आहेत त्याला विचारा.

"आणि झेंडू इथेच राहील," मैथिली म्हणाली. "तिथल्या खोलीत याला ऊन मिळणार नाही. तुम्ही सांभाळाल ना?"

जो जीव आपल्या हातून जवळजवळ गेला होता, तो पोरीने पुन्हा आपल्याच हातात दिला! खिशातून गुरुजींनी तो कागद काढला. लाल काटेशेजारी त्यांनी निळ्या शाईने दोन्ही आकडे पुन्हा लिहिले होते, आणि खाली मुलांच्या वहीवर लिहायचे तसं, 'उत्तर बरोबर. तपासणाऱ्याची चूक.'

"दोन टोकं, दोन आकडे," मैथिली हसत म्हणाली.

"सरासरी नाही," गुरुजी म्हणाले.

मंडळी, हौस म्हणून कुठलाही जीव घरी आणू नका. आणलात, तर त्याला काय लागतं ते आधी विचारा, जाणत्याचं ऐका, मग तो जाणता चौथीत नापास का झालेला असेना! आणि आपल्या घरात जी माणसं आहेत, मुलं आहेत, सुना आहेत, म्हातारे आईवडील आहेत, त्यांच्यासाठी माया तर भरपूर करा. पण खोलीचं एक टोक मोकळं सोडा, जिथे ती जरा बाजूला जाऊन बसतील. ज्याला दूर सरकायला जागा असते, तोच आपल्या पायांनी जवळ येतो.

त्या संध्याकाळी झेंडू कौलावर होता, मैथिली गुरुजींच्या शेजारी होती, आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.